ईद झाल्यावरही टिकणारी नमाज: पुण्याच्या धावपळीत रोजचा दीन कसा सांभाळावा

रमजान ईद होऊन पंधरा दिवस झाले की मशिदीतल्या सफा (नमाजींच्या रांगा) विरळ व्हायला लागतात आणि घरातला जानमाज (नमाजची चटई) घडी होऊन पुन्हा कपाटात जातो. माझ्याकडे हे बरीच वर्षं झालं. रमजानात पाच वक्त नमाज, तरावीह (रमजानातली रात्रीची जादा नमाज), तिलावत (कुरआनपठण) सगळं व्हायचं. शव्वाल (ईदचा महिना) लागला की आधी फजर (पहाटेची नमाज) सुटायची, मग ऑफिसच्या नावाखाली जोहर (दुपारची) आणि असर (उतरत्या दुपारची). महिन्याभरात उरायची ती मनातली चुटपुट.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत पैगंबरसाहेबांची (स.) एक हदीस (वचन) आहे: अल्लाहला सर्वांत प्रिय काम ते, जे सातत्यानं केलं जातं, मग ते थोडं का असेना. ही हदीस मी लहानपणापासून ऐकत होते. ती खरोखर अमलात आणायला मात्र चाळिशी उजाडावी लागली. पुढे लिहिलंय ते त्या प्रयत्नातून हाती लागलेलं आहे. मी आलिमा (धर्माचं रीतसर शिक्षण घेतलेली) नाही. कोंढव्यात राहते, हडपसरला हिशेबाचं काम करते, माहेर साताऱ्याकडचं. मसला (धर्माच्या नियमाचा प्रश्न) अडला की मुफ्तीसाहेबांना विचारते, आणि तुम्हीही तेच करावं. इथली पद्धत मुख्यतः हनफी आहे; हनफी आणि शाफई हे इस्लामी नियमांचे दोन पंथ. कोकणातले आपले बरेच लोक शाफई आहेत, तेव्हा जिथे ठळक फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

आधी एक नमाज पक्की करा

पाचही नमाजा फर्ज (बंधनकारक) आहेत, त्यात सूट देणारी मी कोण? पण जो माणूस कित्येक वर्षांनी परत वळतोय, त्याला एकदम पाचांचा डोंगर दाखवला की तो आठवड्यात दमतो, हे मी स्वतःवरून सांगते. म्हणून जमतील तेवढ्या सगळ्या पढाच, पण त्यातली एक अशी धरा की जी काहीही झालं तरी चुकवायची नाही. ती महिनाभर टिकली की दुसरी तशीच पक्की करा.

माझं मत फजरच्या बाजूनं आहे. लोक म्हणतात, सर्वांत अवघड तीच. खरं आहे. पण त्या वेळी साहेब हाक मारत नाही, कुकरची शिट्टी होत नाही आणि कुणी बघतही नाही. बघणारं कुणी नसताना पढलेल्या दोन रकातींत (रकात म्हणजे नमाजचा एक फेरा) आपण नेमके कुणासाठी उभे आहोत, ते मनाला लगेच कळतं. इखलास (निखळ हेतू) म्हणजे काय हे मला पुस्तकापेक्षा त्या वेळेनं जास्त शिकवलं.

फजरची तयारी रात्रीपासून होते. इशा (रात्रीची नमाज) वेळ झाल्यावर लवकर पढून घ्या, जेवण उरकल्यानंतर पढू म्हणून मागे टाकू नका. साडेदहाला अंथरुणावर पडा. मोबाइल उशाशी न ठेवता हॉलमध्ये ठेवा, म्हणजे गजर बंद करायला उठून चालत जावं लागेल. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे तेव्हा फजरला सहा-सव्वासहाला उठलं तरी वेळ मिळते. जूनच्या सुरुवातीला सूर्योदय सहाच्या आसपास होतो, तिथे पाच-सव्वापाचला उठावंच लागतं. नवीन सुरुवात करणाऱ्यानं हिवाळ्यात करावी, असं मी आवर्जून सांगते. थंडी सोसते, पण वेळ पुरतो.

एखाद्या दिवशी डोळा लागून राहिला तर दिवसभर अपराधी वाटून पुढच्या नमाजाही सोडू नका. झोपेनं किंवा विसरून राहिलेली नमाज आठवल्यावर पढावी, अशी हदीस आहे. फक्त सूर्य अगदी उगवत असताना थांबा, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, मग पढा.

एका तांब्यातला वजू

आमच्या दादीचा एक पितळी तांब्या होता, जेमतेम लिटरभर पाणी मावेल एवढा. गावी उन्हाळ्यात आडाचं पाणी खाली जायचं, तेव्हा ती उंबऱ्यापाशी पाट घेऊन बसायची आणि त्या एका तांब्यात पूर्ण वजू (नमाजआधीचं हात-तोंड-पाय धुणं) करायची. डाव्या हातानं तांब्या कलता करून उजव्या ओंजळीत इतकं बारीक पाणी घ्यायची की एक थेंब मनगटावरून वाया जायचा नाही. शेवटी पाय धुऊन झाल्यावर तळाशी उरलेलं पाणी ती तुळशीशेजारच्या मोगऱ्याला घालायची. (तुळस शेजारच्या काकूंची, मोगरा आमचा, वाफा एकच.) पुढे कळलं की पैगंबरसाहेब (स.) एका मुदभर पाण्यात वजू करत. मुद म्हणजे दोन ओंजळी जुळवून भरतील एवढं, आजच्या मापानं लिटरपेक्षा कमीच. पुण्यात पाणीकपात जाहीर झाली की मी नळ बंद करून तांब्या काढते, आणि खरं सांगते, वजूत मन जास्त लागतं.

क्रम असा. नियत करून बिस्मिल्लाह म्हणा. दोन्ही हात मनगटापर्यंत तीनदा धुवा. तीनदा चूळ भरा, तीनदा नाकात पाणी घेऊन नाक साफ करा. चेहरा कपाळाच्या केसांपासून हनुवटीखालपर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत तीनदा धुवा. मग उजवा हात कोपरासकट तीनदा, तसाच डावा. ओल्या हातानं डोक्याचा मसह (ओला हात फिरवणं) एकदा, त्याच ओलाव्यानं कानांचा. शेवटी घोट्यांसकट पाय, आधी उजवा, मग डावा, बोटांच्या बेचक्यांत बोट फिरवून. यात हनफी पद्धतीनं फर्ज चारच: चेहरा, कोपरांसकट हात, डोक्याच्या चौथ्या हिश्श्याचा मसह आणि घोट्यांसकट पाय. घाई असेल तेव्हा हे चार नीट व्हायलाच हवेत.

बायकांसाठी एक खास गोष्ट. सकाळी पोळ्या करताना कणीक नखांच्या कडेला वाळून बसते. तिच्याखाली पाणी जात नाही, म्हणून वजूआधी ती खरवडून काढा. नेलपॉलिशचंही तेच. मेंदीचा फक्त रंग राहतो, थर राहत नाही, त्यामुळे तिची अडचण नाही.

ऑफिसात जागा, दिशा आणि वेळ

इथे बहुतेकांची गाडी अडते. माझ्या एका जुन्या नोकरीत मी दोन वर्षं विचारायलाच घाबरत होते. शेवटी विचारलं तेव्हा वरिष्ठ म्हणाले, रेकॉर्ड रूम दुपारी रिकामीच असते. दोन वर्षं मी विनाकारण घालवली होती. त्यानंतरच्या एका ठिकाणी मात्र सरळ नकार मिळाला, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत पार्किंगच्या कोपऱ्यात पढत असे. जेवणाच्या सुट्टीवर हक्क आपला आहे, ती कशी वापरायची ते आपण ठरवायचं.

विचारताना लांबण लावू नका. "दुपारी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं मला नमाजसाठी शांत कोपरा हवा आहे, कामाचा खोळंबा होणार नाही," एवढं पुरतं. आणि खरंच खोळंबा होऊ देऊ नका. नमाजच्या नावाखाली अर्धा तास गायब राहणारा माणूस पुढच्या दहा जणांची वाट बंद करतो. शिवाय पगाराचा वेळ ही अमानत आहे. तीही इबादतच.

दुपारची जोहर सैल आहे. पुण्यात सूर्य माथ्यावरून ढळतो तो नोव्हेंबरात सव्वाबाराच्या पुढे आणि फेब्रुवारीत पावणेएकच्या पुढे. त्यानंतर तीनपर्यंत कधीही सुट्टी झाली तरी जोहर मिळते. असरला शाफई लोकांची वेळ लवकर लागते, हनफींची उशिरा, म्हणून मशिदीचं वेळापत्रक नीट पाहून घ्या. खरी कसोटी मगरिबची (सूर्यास्तानंतरच्या नमाजची). जुलैच्या सुरुवातीला सूर्यास्त सव्वासातच्या आसपास असतो, सहाला सुटलेला माणूस घरी पोचून पढू शकतो. नोव्हेंबरअखेर तो सहाच्या सुमाराला होतो, म्हणजे नेमका तुम्ही बसच्या रांगेत किंवा फातिमानगरच्या चौकात अडकलेले असताना. मगरिबची वेळ जेमतेम सव्वा तासाची. म्हणून दिवाळीनंतर माझा नियम एकच: पंधरा मिनिटं उशिरा निघायचं, मगरिब ऑफिसातच पढून.

किब्ला (नमाजची, मक्केकडची दिशा) पुण्यातून पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे झुकलेला, साधारण ११ अंश. मावळतीचा अंदाज असेल तर काम भागतं. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी कपाटाजवळ भलतीच दिशा दाखवतं. रेकॉर्ड रूममध्ये मी पहिले काही दिवस फाइलींच्या रॅकला टेकून दिशा बघत होते, नंतर गच्चीवर जाऊन खात्री केली तेव्हा चूक कळली.

बेसिनमध्ये पाय वर करून धुणं बायकांना अवघड जातं आणि इतरांनाही ओली फरशी आवडत नाही. दोन उपाय आहेत. घरून जोहरच्या बेतानं वजू करून निघा आणि तो राखा. किंवा चामडी मोजे घ्या. पूर्ण वजू करून ते घातले की नंतर वजू गेल्यावर पाय न धुता मोज्यांवर ओल्या बोटांनी मसह चालतो, मुक्कामी माणसाला २४ तास. साध्या पातळ सुती मोज्यांवर मात्र नाही. आणि तुमच्यानंतर येणाऱ्यासाठी बेसिनभोवतीचं पाणी पुसून ठेवा.

जुम्याचं (शुक्रवारच्या सामुदायिक नमाजचं) पुरुषांनी ठरवून घ्यावं. पुण्यात वेगवेगळ्या मशिदींत जुम्याची जमात वेगवेगळ्या वेळी उभी राहते. आपल्या सुट्टीशी जुळणारी मशीद एकदा शोधून ठेवा, आणि खुतबा (प्रवचन) चुकेल इतकं उशिरा पोचू नका.

तोंडात अरबी, मनात मराठी

आपण सगळे सूरे फातिहा (कुरआनचा पहिला अध्याय) पाठ म्हणतो. दिवसाच्या फर्ज रकाती १७, म्हणजे फर्जातच किती वेळा ती ओठांवर येते पाहा. तरी मला कित्येक वर्षं तिचा अर्थ ओळीनं सांगता आला नसता. मी विचार करते मराठीत, रडते मराठीत, आणि नमाजेत मात्र न कळणारे सूर म्हणून मोकळी व्हायचे.

फातिहाच्या सात आयती (ओळी), सात आठवडे. दर आठवड्याला एका आयतीचा मराठी अर्थ वहीत लिहायचा आणि त्या आठवड्यात नमाजेत ती आयत आली की क्षणभर थांबायचं. मुस्लिम शरीफमधल्या हदीसीत आहे की बंदा फातिहाची एकेक आयत म्हणतो आणि अल्लाह तिला जबाब देतो. जबाबासाठी जागा तर सोडायला हवी. "इय्याका नअबुदु व इय्याका नस्तईन", आम्ही तुझीच इबादत करतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो, हे पहिल्यांदा समजून म्हटलं त्या दिवशी आईचं ऑपरेशन होतं. त्या आयतीपुढे मला बराच वेळ जाता आलं नाही.

नमाज संपल्यावरची दुआ मराठीत मागा. पाठ केलेल्या दुआ जरूर म्हणा, पण पोराची दहावी, नवऱ्याचा रक्तदाब, भावाशी तुटलेलं बोलणं हे आपल्या भाषेतच सांगता येतं.

गावी जाताना

सफर ७७-७८ किलोमीटरहून लांबचा असेल (काही उलमा ९२ धरतात), तर शहराची हद्द ओलांडल्यावर चार रकातींच्या फर्ज नमाजा दोनच पढायच्या. याला कस्र म्हणतात. फजर दोनच आणि मगरिब तीनच राहते. पुण्याहून लोणावळ्याला गेलात तर कस्र नाही. साताऱ्याला किंवा मुंबईला निघालात तर वाटेत आहे. जिथे जाणार तिथे पंधरा दिवस किंवा जास्त राहायची नियत असेल तर हनफी पद्धतीत पूर्ण नमाज, शाफईत चार दिवसांनीच हिशेब बदलतो. स्वतःच्या मूळ गावी पोचल्यावर मात्र बहुधा पूर्णच पढावी लागते. लग्न झालेल्या मुलीच्या माहेराचा मसला थोडा गुंतागुंतीचा आहे, तो इमामसाहेबांना एकदा विचारून मिटवून टाका.

जकात: वही-पेन घेऊन बसा

माझं काम हिशेबाचं, म्हणून इथे जरा रेंगाळते. आपल्या घरांत जकात (बचतीवरचं दरवर्षीचं बंधनकारक दान) अंदाजानं दिली जाते. रमजानात दारात येईल त्याला शंभर-दोनशे, मदरशाच्या पावत्या दोन-तीन, आणि "दिली" म्हणून समाधान. सदका (ऐच्छिक दान) म्हणून ते चांगलंच आहे. पण जकात हे गरिबाचं देणं आहे, आणि देणं अंदाजानं फेडत नाहीत.

आधी हिजरी वर्षातली एक तारीख ठरवा, समजा १ रमजान. दरवर्षी त्याच दिवशी मोजा. कुणी ३१ मार्च धरतात, पण इंग्रजी वर्ष सुमारे ११ दिवसांनी मोठं, त्यामुळे लाखाला २,५०० ऐवजी २,५७७ रुपये काढावे लागतात.

निसाब (जकात लागू होण्याची किमान मर्यादा) सोन्याचा साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम. चांदीचा साडेबावन्न तोळे, ६१२.३६ ग्रॅम. बायकांची इथे हमखास चूक होते. "माझं सोनं पाचच तोळे, मला जकात नाही" असं म्हणतात. फक्त सोनंच असेल आणि दुसरं काहीच नसेल तर ते बरोबर आहे. पण सोन्यासोबत बँकेत काही शिल्लक असेल तर हनफी पद्धतीत सगळं एकत्र मोजून चांदीच्या निसाबाशी ताडायचं, आणि तो निसाब खूप खाली आहे. शाफई घरांत रोजच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात धरत नाहीत. सासर शाफई आणि माहेर हनफी असेल तर आपण कुठल्या मार्गानं चालतो ते एकदा ठरवा. दरवर्षी सोयीचं निवडू नका.

आता उदाहरण. दागिन्यांतल्या सोन्याची आजची किंमत ६,००,०००. बँकेत १,२०,०००. भिशीत भरलेले पण नंबर न लागलेले ४०,०००. बहिणीला उसने दिलेले, परत येतील याची खात्री असलेले २०,०००. बेरीज ७,८०,०००. यातून लगेच द्यायची देणी ३०,००० वजा. राहिले ७,५०,०००. अडीच टक्के म्हणजे १८,७५०. भिशीचा नंबर आधीच लागून पैसे मिळाले असतील तर उलट: उरलेले हप्ते हे तुमच्यावरचं कर्ज, ते वजा करा. राहतं घर, रोजची दुचाकी, भांडीकुंडी यांवर जकात नाही.

एवढी रक्कम एकदम काढणं जड जातं. मी दर महिन्याला पंधराशे वेगळ्या खात्यात टाकते आणि १ रमजानला पक्का हिशेब करून उरलेली भर घालते.

द्यायची कुणाला? आई-वडील, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं, नवरा-बायको यांना नाही. त्यांना पोसणं तसंही आपल्यावर आहे. पण गरीब भाऊ, विधवा आत्या, मावसबहीण यांना चालते, आणि तिथे जकातीसोबत नातं जपल्याचा सवाबही (पुण्यही) आहे. देताना "ही जकात आहे" असं सांगायची गरज नाही. मनातली नियत पुरते. माझ्या एका नातलगाच्या हातात मी पाकीट ठेवते ते "मुलीच्या वह्या-पुस्तकांना" म्हणून. तिची मान ताठ राहते.

बचत खात्यावर पडणारं व्याज जकातीत धरू नका. ते बाजूला काढून, सवाबची अपेक्षा न ठेवता गरजूला द्या, असंच उलमा सांगतात.

रमजान आणि राहिलेले रोजे

रमजानाबद्दल सगळेच लिहितात, मी थोडक्यात सांगते. कौसरबाग आणि मोमिनपुऱ्यातल्या रात्री गोड असतात, मुलांना एकदा जरूर न्या. पण ईदची खरेदी रमजानच्या आधी उरका. आखरी दहा रात्री बांगड्या आणि शेवयांच्या रांगेत गेल्या की वर्षभर मन खातं.

बायकांचे पाळीत सुटलेले रोजे फेडायचे असतात, नमाजा नाहीत. हजरत आयेशांचे (रजि.) रोजे शाबानपर्यंत राहत, असं त्या स्वतः सांगतात, तेव्हा उशीर झाला म्हणून लाजू नका. पण पुण्यात डिसेंबरचा रोजा साधारण सव्वाबारा तासांचा आणि जूनचा साडेचौदा तासांचा. थंडीत दर सोमवारी एक ठेवला तर दोन महिन्यांत खातं साफ होतं. मधुमेह असलेल्यांनी रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जावं. बोटातून रक्त काढून साखर तपासल्यानं रोजा तुटत नाही, तेव्हा त्या भीतीनं तपासणी टाळू नका. आजाऱ्याला सवलत कुरआननंच दिली आहे.

शेजार

जिब्रील (अलै.) शेजाऱ्याबद्दल इतकं सांगत राहिले की मला वाटलं, आता त्याला वारसच करतील, असं पैगंबरसाहेबांनी (स.) म्हटलं आहे. शेजारी मुसलमानच असावा अशी अट त्यात नाही. आपल्या घरातून दीन बाहेर दिसतो तो जिन्यात ठेवलेल्या चपलांतून आणि पार्किंगमधल्या गाडीतून. जुम्याला मशिदीबाहेर कुणाचं फाटक अडवून गाडी लावली तर आतल्या सजद्याचं काय करायचं? कुर्बानी परवानगी असलेल्या जागीच करा आणि रक्ताचा थेंब कॉमन पॅसेजमध्ये पडू देऊ नका. खालच्या मजल्यावर शाकाहारी कुटुंब असेल तर त्यांच्याकडे शीरखुर्मा नव्या भांड्यातून पाठवा आणि तसं सांगा. त्यांना निवांतपणे खाता येईल.

आषाढी वारीच्या पालख्या नाना पेठ-भवानी पेठेत मुक्कामाला येतात. तुकोबांची पालखी देहूतून निघाल्यावर पहिली थांबते ती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी. आम्ही त्या दिवशी पाण्याचे कॅन आणि केळी घेऊन रस्त्याकडेला उभे राहतो. सदक्याची नियत असते, फोटो काढत नाही. फोटो न काढणं मला वाटलं होतं त्यापेक्षा जड गेलं, आणि म्हणूनच तो नियम ठेवला आहे.

राहिलेल्या नमाजांची वही

शेवटी मागची बाकी. बालिग झाल्यापासून (वयात आल्यापासून) किती नमाजा सुटल्या याचा प्रामाणिक अंदाज करा, थोडा वाढवूनच धरा. पाळीचे दिवस वजा करा. हनफी पद्धतीत एका दिवसाची कजा (राहिलेल्या नमाजांची भरपाई) सहा नमाजांची: पाच फर्ज आणि वित्र (इशानंतरची तीन रकातींची नमाज), मिळून २० रकाती. सोपी रीत म्हणजे आजच्या प्रत्येक नमाजेसोबत त्याच वेळेची एक कजा. फजरसोबत एक जुनी फजर, जोहरसोबत जुनी जोहर. एका वर्षाची बाकी अशी एका वर्षात फिटते. नियत करताना "माझ्यावर राहिलेली सर्वांत जुनी फजर" असं धरलं की तारखा आठवत बसायला नको. सूर्य उगवताना, माथ्यावर असताना आणि मावळताना कजा पढायची नाही.

शंभर पानी वही घ्या, सहा रकाने आखा, झाली की रेघ मारा. माझी तिसरी वही सुरू आहे. काल रात्री इशानंतर पाहिलं तर वित्रच्या रकान्यात चार रेघा कमी होत्या, त्या भरून मग दिवा मालवला.